खऱ्या गुलामाची हकिकत पडद्यावर येते तेव्हा काय बदलतं

प्रश्न असा आहे की ‘ट्वेल्व्ह इयर्स अ स्लेव्ह’ सिनेमा बघितला, हादरून गेलो, मग सॉलोमन नॉर्थपचं मूळ पुस्तक वाचायला घेतलं तर बरंच काही वेगळं निघालं, मग याला सत्यकथा म्हणायचं का, आणि गुलामगिरीसारख्या विषयात असले बदल करायचा हक्क कुणाला असतो का.

मी पटकथा लिहितो, वीसेक वर्षं झाली, आणि त्यातली बरीचशी कामं खऱ्या माणसांनी सांगितलेल्या हकिकतींवरची. त्यामुळे आधीच सांगतो, बदल होणारच. बारा वर्षं सव्वादोन तासांत बसवायची म्हटल्यावर महिने गळणार, दोन माणसांचं एक होणार, कुणीतरी पूर्णच जाणार. यावरून मी कुणाशी भांडत नाही. मी एकच तपासतो: पुस्तकात जी गोष्ट ज्याच्या हातून झाली ती सिनेमात कुणाच्या हातात दिलीय. गुलामगिरीच्या हकिकतीत सगळ्यात जास्त हलवाहलव इथेच होते आणि बघणाऱ्याला ती दिसतही नाही, कारण सीन तर खराच वाटतो.

आधी पुस्तकाचं थोडं. सॉलोमन हा न्यूयॉर्क राज्यातला जन्मापासून स्वतंत्र असलेला काळा माणूस, साराटोगा स्प्रिंग्जला बायकामुलांसोबत राहायचा, व्हायोलिन वाजवायचा. १८४१ मध्ये सर्कशीत वाजवायचं काम देतो असं सांगून दोघांनी त्याला वॉशिंग्टनला नेलं, गुंगीचं औषध दिलं, आणि तो शुद्धीवर आला तो बेड्या घालून, संसदेची इमारत जवळ दिसेल अशा गुलामांच्या कोठडीत. तिथून लुइझियाना, नाव बदलून प्लॅट. जानेवारी १८५३ मध्ये सुटला आणि त्याच वर्षी पुस्तक आलं. पण ते त्याने स्वतः बसून लिहिलेलं नाही, त्याने सांगितलं आणि डेव्हिड विल्सन नावाच्या गोऱ्या वकिलाने लिहिलं. म्हणजे सिनेमाच्या आधी एक हात तिथेच फिरलाय हे विसरू नका. वाक्यं विल्सनची, पण माहिती सॉलोमनची, आणि माहिती इतकी बारीक आहे की ती दुसऱ्या कुणाला सुचणारच नाही. दिवसाला कापूस वेचणी दोनशे पाउंड धरायचे, त्याच्याच मळ्यावरची गुलाम बाई पॅट्सी पाचशे वेचायची, त्याला स्वतःला पहिल्या दिवशी जेमतेम पंच्याण्णव जमला. लुइझियानातल्या पहिल्या मालकाने, फोर्डने, त्याला हजार डॉलरला घेतला, बरोबरच्या हॅरीला नऊशेला, एलायझाला सातशेला. हे आकडे तो का देतो? कारण काळ्या माणसाच्या शब्दावर कुणी विश्वास ठेवणार नाही हे त्याला माहिती होतं. कोर्टात तर खरंच ठेवला नाही. त्याला विकणाऱ्या बर्चवर वॉशिंग्टनमध्ये खटला उभा राहिला तेव्हा सॉलोमनची साक्षच घेता आली नाही, काळा माणूस गोऱ्याविरुद्ध साक्ष देऊ शकत नव्हता. तर हे पुस्तक म्हणजे त्याची न घेतलेली साक्ष आहे, ते तसंच वाचायचं.

आता त्यांना लुइझियानाला नेणाऱ्या जहाजावरचा प्रसंग घ्या. सिनेमात रॉबर्ट नावाचा कैदी एलायझावर हात टाकायला आलेल्या खलाशाला अडवतो आणि खलाशी त्याला सुरा भोसकून मारतो. पुस्तकात रॉबर्ट देवीच्या रोगाने मरतो. सॉलोमन, आर्थर आणि रॉबर्ट तिघांनी जहाज ताब्यात घ्यायचा बेत केलेला असतो, चांगला शिजलेला बेत, आणि रॉबर्ट देवीने गेला म्हणून तो फिसकटतो. सुरा दाखवायला सोपा आहे, मान्य. पण एक हिशोब बघा. हजार डॉलरला विकायचा माल खलाशी असा फुकट का मारेल? तो त्याचा नव्हेच, मालकाला काय उत्तर देणार? गुलामांच्या व्यापारात माणूस जपला जायचा तो पैसा म्हणून, आणि मरायचा तोही कोंडून नेण्यामुळे, रोगराईने. सुरा आला की आपल्याला एक राक्षस मिळतो आणि तो पैशाचा हिशोब दिसेनासा होतो.

आणि याहून मोठी गोष्ट पुढे आहे, ती वाचली तेव्हा मी पुस्तक खाली ठेवलं होतं. त्याच जहाजावर पुस्तकात जॉन मॅनिंग नावाचा इंग्लंडमध्ये जन्मलेला एक खलाशी आहे. सॉलोमन त्याला सगळं सांगतो, तो गुपचूप कागद-शाई आणून देतो आणि न्यू ऑर्लीन्सला पोचल्यावर पत्र पोस्टात टाकतो. ते पत्र न्यूयॉर्कला पोचलंसुद्धा! म्हणजे १८४१ मध्येच घरच्यांना कळलं होतं की त्याला पळवून नेलंय. फक्त कुठे नेलंय हे कळायला मार्ग नव्हता, कारण लिहिताना त्याला स्वतःलाच माहिती नव्हतं. सिनेमात मॅनिंग नाही, पत्र नाही. मदत करणारा खलाशी गेला आणि त्याच्या जागी खून करणारा आला. याला मी हाताची अदलाबदल म्हणतो.

पॅट्सीच्या बाबतीत हे आणखी टोचतं. सिनेमात एका रात्री ती सॉलोमनच्या बाजूला येते आणि मला मारून टाक, पाण्यात बुडव, अशी विनवणी करते. लुपिता न्योंगोने तो सीन असा केलाय की विसरता येत नाही. पण पुस्तकात ही मागणी पॅट्सीची नाहीच! मालकीणबाई, म्हणजे सॉलोमन आणि पॅट्सीचा मालक एप्स याची बायको, तिने सॉलोमनला लालूच दाखवली होती की हिला गुपचूप मारून दलदलीच्या कडेला कुठेतरी पुरून टाक, आणि एकदा नाही, अनेकदा. पॅट्सी पुस्तकात कष्टी आहे, पिचलेली आहे, पण मरण मागत नाही. मूळ पानावर वाक्यं अशी लागून आलीत की घाईत वाचणाऱ्याचा गोंधळ होऊ शकतो, पण नीट वाचलं की खुनाचा बेत कुणाचा हे स्पष्ट आहे. हा बदल मला आजही पटत नाही. जिचा खून करायचं घाटत होतं तिच्याच तोंडी मरणाची इच्छा घातली, आणि जी खून करवून घ्यायला निघाली होती ती बाई त्या सीनमधून अलगद बाहेर पडली. बाईंचा क्रूरपणा इतरत्र दाखवलाय हे खरं, तो काचेचा जड डिकँटर पॅट्सीच्या तोंडावर फेकून मारते तो सीन आहेच. त्याचंही मूळ सांगतो, कारण आमच्या धंद्यात हे रोज करावं लागतं. पुस्तकात तो एक प्रसंग नाही. तिथे एवढंच म्हटलंय की पॅट्सी झोपडीपाशी किंवा अंगणात चालताना जरा बेसावध असली तर मालकिणीच्या हातून कधी लाकडाचा ओंडका तर कधी फुटकी बाटली भिरकावली जायची. ‘जायची’, म्हणजे रोजचंच. कॅमेऱ्याला ‘जायची’ दाखवता येत नाही, त्याला ‘गेली’च दाखवावं लागतं. रोजचं एकदाचं झालं की बघणाऱ्याला ते फार मोठं वाटतं पण रोजचं वाटत नाही, आणि गुलामगिरीत छळ तर त्या रोजच्याचाच होता.

फोर्ड हा पहिला मालक. सॉलोमन त्याच्याबद्दल पुस्तकात इतकं चांगलं बोलतो की वाचताना अवघडल्यासारखं होतं, त्याच्याइतका दयाळू ख्रिस्ती माणूस पाहिला नाही म्हणतो, आणि म्हणतो की तो ज्यात वाढला त्यामुळे त्याला यातली चूक दिसत नव्हती. सिनेमाने हे बरंच फिरवलं, फोर्ड बायबल वाचतोय आणि मागे एलायझा विक्रीत ताटातूट झालेल्या मुलांसाठी रडतेय, असं एकावर एक ठेवून त्याचा दुबळेपणा उघडा केला. सिनेमाचं म्हणणं मला बरोबर वाटतं. पण सॉलोमनचं म्हणणं जास्त भयंकर आहे असंही वाटतं, कारण चांगला माणूससुद्धा हजार डॉलर मोजून माणूस विकत घेतो आणि कर्ज झालं की विकून टाकतो, हे तो कौतुक करता करता सांगून जातो. फोर्डकडून सॉलोमनला विकत घेतलेला सुतार टिबीट्स त्याला फासावर चढवायला निघतो तेव्हा मुकादम चॅपिन मध्ये पडतो, आणि काय म्हणतो? या गुलामावर फोर्डचं चारशे डॉलरचं गहाण आहे, हा मेला तर फोर्डचे पैसे बुडतील. जीव वाचला तो गहाणखतामुळे! हे सिनेमात आहे, त्याबद्दल लेखकाला मनापासून दाद. फक्त पुढे सिनेमात तो दोरीला लटकून चिखलात पायाची बोटं टेकवत तग धरून राहतो, पुस्तकात लटकलेला नाही, हातपाय करकचून बांधलेला, गळ्यात फास तसाच, दिवसभर उन्हात उभा आहे. इथे मला काही तक्रार नाही. मागे बाकीचे गुलाम आपापल्या कामाला लागतात, पोरं खेळतात, कुणी त्याच्याकडे बघायची हिंमत करत नाही, तो लांबलचक सीन म्हणजे त्या पानाचं मर्म आहे. तपशील बदलला पण कुणाचं कृत्य कुणावर ढकललं नाही.

बायबलचा विषय निघालाच आहे तर पीटर टॅनरचं सांगतो. मालकाची इच्छा माहिती असून जो नोकर ती पाळत नाही त्याला पुष्कळ फटके बसतील, हे ल्यूकच्या शुभवर्तमानातलं वचन सिनेमात एप्स गुलामांना वाचून दाखवतो, आणि वाचतो तेही दात खाऊन. पुस्तकात हे वाचणारा एप्स नाहीच, फोर्डचा मेहुणा टॅनर आहे, रविवारी गुलामांना शांतपणे बायबल शिकवणारा आणि खोड्यात अडकवून ठेवणारा प्रतिष्ठित गृहस्थ. दोन पात्रांचं एक केलं, धंद्यातली नेहमीची सोय, पण त्याने धर्मग्रंथ त्या दारुड्या पिसाट माणसाच्या हातात गेला आणि सभ्य माणसाच्या हातातून सुटला. मराठी वाचकाला यातला फरक समजवायची गरज पडू नये. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहिली, ती अमेरिकेत गुलामांना मुक्त करायला झटलेल्या लोकांना अर्पण केली, आणि त्यात त्यांचा सगळा रोख ग्रंथ हातात धरून शांतपणे राज्य करणाऱ्यांवर होता. टॅनर त्यांनी लगेच ओळखला असता.

सिनेमाने पुस्तकापेक्षा जास्त खरं कुठे सांगितलं तेही सांगायला हवं, नाहीतर हे एकतर्फी होईल. १८५३ च्या छापील पुस्तकात बलात्कार हा शब्द येऊ शकत नव्हता. विषयांध मालक आणि मत्सरी मालकीण यांच्या कचाट्यात पॅट्सी सापडली होती, एवढ्यावर विल्सन थांबतो. सिनेमा थांबत नाही, आणि थांबला नाही हेच बरं, कारण पुस्तकातलं मौन हे पॅट्सीचं नव्हतं, ते त्या काळच्या गोऱ्या वाचकाच्या अब्रूसाठी होतं. तसंच शॉ नावाच्या मळेवाल्याच्या काळ्या बायकोचं. पुस्तकात पॅट्सी तिच्याकडे जाते एवढाच उल्लेख आहे, सिनेमाने तिला चहाच्या टेबलावर बसवून बोलतं केलं, सगळे डायलॉग लेखकाचे, तरी मला ते प्रामाणिक वाटतात कारण तिथे रिकामी जागा होती आणि ती भरताना कुणाचं काही हिरावून घेतलं नाही. उलट सुरुवातीला एक अनोळखी बाई रात्री सॉलोमनचा हात ओढून घेते तो सीनही लेखकाने घातलेला, पण तो का आहे हे मला आजवर कळलं नाही.

गाळलेल्या गोष्टींत मला सगळ्यात जास्त रुखरुख सॉलोमनच्या डोक्याची आणि हाताची आहे. पुस्तकातला सॉलोमन कारागीर आहे. उन्हाळ्यात रेशनच्या मांसात किडे व्हायचे म्हणून त्याने माशांचा सापळा बनवला, तो कसा बनवला ते तपशीलवार सांगतो. कापसाची पेरणी, वेचणी, ऊस, नाताळची सुट्टी, सगळं एखाद्या जाणत्या शेतकऱ्यासारखं. टिबीट्सशी दुसऱ्यांदा झटापट होते तेव्हा टिबीट्स कुऱ्हाड उगारतो, हा त्याला लोळवतो, पळतो, मागे कुत्री, तो पोहत पोहत सापांनी आणि मगरींनी भरलेली दलदल पार करून फोर्डकडे जातो, आख्खं प्रकरण आहे ते, सिनेमात त्यातलं काही नाही. ल्यू चेनी नावाच्या गुलामाने मेक्सिकोच्या दिशेने लढत जायचा बेत रचला आणि मग स्वतःच सगळ्यांना धरून दिलं, तीही हकिकत गेली. हे सगळं गेलं की पडद्यावर उरतो तो सोसणारा माणूस. चुकीचा नाही, पण अर्धा. आणि हे फक्त या सिनेमात होत नाही, गुलामगिरीवरच्या बहुतेक सिनेमांत पाठ दिसते, वळ दिसतात, त्या माणसाला काय काय येत होतं ते दिसत नाही.

दुसऱ्या सिनेमांची उदाहरणं थोडक्यात, कारण तिथेही हात कसा बदलतो ते कळेल. गुलामगिरीतून पळून जाऊन इतरांनाही सोडवणाऱ्या हॅरिएट टबमनवरच्या २०१९ च्या ‘हॅरिएट’ मध्ये बिगर लाँग हा काळा गुलाम-पकड्या आहे, काल्पनिक पात्र, आणि तो मुख्य खलनायकांपैकी एक. खरा खलनायक तेव्हा १८५० चा पळालेल्या गुलामांविषयीचा कायदा होता, ज्यात माणूस परत मालकाकडे पाठवला तर कमिशनरला दहा डॉलर फी आणि सोडला तर पाच. हा दहा-पाचचा फरक कुठल्याही खलनायकापेक्षा जास्त सांगून जातो. ‘अमिस्ताद’ या जहाजावर बंड केलेल्या आफ्रिकनांच्या खटल्यावरच्या सिनेमात मॉर्गन फ्रीमनचं काळ्या पुढाऱ्याचं पात्र असंच बनवलेलं आहे, आणि त्याच वेळी कनेक्टिकटमध्ये जेम्स पेनिंग्टनसारखे खरे काळे पाद्री, स्वतः गुलामगिरीतून पळून आलेले, त्या आफ्रिकनांच्या परतीसाठी काम करत होते. शिवाय तो निकाल ऐकून वाटतं गुलामगिरीच हरली. प्रत्यक्षात कोर्ट एवढंच म्हणालं की या लोकांना बेकायदेशीरपणे आफ्रिकेतून आणलं म्हणून ते कुणाची मालमत्ता नाहीत, आणि त्याच प्रकरणात जहाजाच्या कप्तानाचा नोकर अंतोनियो मात्र गुलाम ठरला. तो नंतर पळून कॅनडात गेला.

हे सगळं मी लांबून बोलत नाहीये. काही वर्षांपूर्वी एका म्हाताऱ्या ऊसतोड कामगाराच्या आठवणींवर मी पटकथा लिहिली. त्याची सगळी हकिकत उचलीभोवती होती, एका हंगामाची उचल फिटत नाही म्हणून पुढचा हंगाम, तो फिटत नाही म्हणून बायको, मग पोरगा. निर्मात्यांना चेहरा पाहिजे होता, म्हणून मी मुकादमाला चाबूक दिला. म्हाताऱ्याने पहिला कट बघितला आणि म्हणाला, त्या माणसाने माझ्यावर कधी हात नाही उचलला, तोही कारखान्याच्या पैशात अडकलेला होता, त्याची नातवंडं आमच्याच गावात आहेत, ती काय म्हणतील. मी तो सीन काढायला सांगितलं, निघाला नाही. माझं नाव त्यावर आहे आणि ते मला आजही सलतं. तेव्हापासून मी मूळ हकिकतीच्या समासात प्रत्येक कृत्यासमोर ते कुणाचं आणि कुठल्या पैशाने झालं हे पेन्सिलने लिहून ठेवतो, आणि पटकथेचा प्रत्येक ड्राफ्ट त्याच्याशी ताडून बघतो.

आता सुटकेचा भाग, तुम्ही त्यावर विचारलंय की ब्रॅड पिटचा बास हा गोऱ्या तारणहाराचा मसाला आहे का. नाही. सॅम्युअल बास खरा होता, कॅनडातला सुतार, आणि देवासमोर गोऱ्या-काळ्यात फरक काय हा त्याचा एप्सशी झालेला वाद जवळपास पुस्तकातलाच आहे. बदल झालाय तो पुढे. सिनेमात बास सॉलोमनसाठी पत्र पाठवायला एकदा हो म्हणतो आणि काही सीननंतर साराटोगाचा दुकानदार पार्कर शेरीफला घेऊन बग्गीतून उतरतो. खरं असं की बासने १५ ऑगस्ट १८५२ च्या तारखेची पत्रं लिहिली, उत्तर येईना, तो परत परत येऊन अंधारात सॉलोमनला भेटत राहिला, वसंतात मी स्वतः साराटोगाला जातो म्हणाला. तिकडे जो माणूस निघाला तो दुकानदार नव्हता, हेन्री नॉर्थप नावाचा वकील होता, ज्या कुटुंबाकडे सॉलोमनचा बाप एकेकाळी गुलाम होता त्याच कुटुंबातला. न्यूयॉर्कने १८४० मध्येच कायदा केला होता की राज्याच्या स्वतंत्र नागरिकाला पळवून गुलाम केलं तर गव्हर्नरने प्रतिनिधी नेमून त्याला सोडवून आणायचं. हेन्री त्या नेमणुकीने निघाला, वाटेत वॉशिंग्टनला लुइझियानाच्याच सिनेटरकडून शिफारसपत्र घेतलं, आणि मार्क्सव्हिलला पोचल्यावर अडला, कारण सॉलोमन नॉर्थप नावाचा गुलाम तिथे कुणालाच माहिती नव्हता, सगळे त्याला प्लॅट म्हणायचे आणि पत्र प्रत्यक्ष कुणी लिहून दिलं हे कळत नव्हतं. मग एकदा वॅडिल नावाच्या स्थानिक वकिलाशी न्यूयॉर्कच्या राजकारणावर गप्पा चालल्या होत्या, गुलामीविरोधी पक्षांचा विषय निघाला, वॅडिल म्हणाला आमच्याकडेही एक असा विक्षिप्त सुतार आहे, बास नावाचा, उघड गुलामगिरीविरुद्ध बोलतो, आणि बोलता बोलता त्याच्याच डोक्यात प्रकाश पडला, त्याने ते पत्र पुन्हा मागून घेतलं. बारा वर्षांचा शोध एका गप्पेत लागला! मी पटकथा लिहिणारा माणूस आहे, असा सीन मी आयुष्यात सोडला नसता.

पण त्यांनी सोडला, आणि त्यासोबत ॲनही गेली. सिनेमात सॉलोमनची बायको सुरुवातीला बग्गीतून जाते आणि शेवटी दारात उभी असते, मधल्या बारा वर्षांत ती काय करत होती याचा पत्ता नाही. पुस्तक हाताशी असेल तर शेवटची परिशिष्टं उघडा, बहुतेक लोक तिथपर्यंत जात नाहीत. १८४० चा तो कायदा छापलाय, आणि त्याच्यापाठोपाठ नोव्हेंबर १८५२ चा गव्हर्नर वॉशिंग्टन हंटच्या नावाचा अर्ज आहे. माझा नवरा स्वतंत्र नागरिक आहे, त्याला पळवून गुलाम केलंय, कायद्याप्रमाणे प्रतिनिधी नेमा आणि त्याला परत आणा, असा. हेन्रीची नेमणूक झाली ती या अर्जावर, आणि अर्जदार म्हणून नाव आहे ॲन नॉर्थपचं.